गाईड पथकाचा पदक समारंभ मैदानावर घ्यायचा तर

सात दिवसांचा बेसिक कोर्स करून नुकतंच पथक हातात घेतलेले बाई आणि सर जानेवारीत हमखास विचारतात, "२२ फेब्रुवारीला पदकं द्यायची आहेत, हॉलमध्ये घेऊ की मैदानावर?" मी मैदानावरच घ्या म्हणते. मुली ज्या मातीत तंबू ठोकायला आणि चूल पेटवायला शिकल्या, त्याच मातीत उभं राहून त्यांना पदक मिळायला हवं. २२ फेब्रुवारी हा लॉर्ड बेडन-पॉवेल आणि लेडी ओलेव्ह या दोघांचाही जन्मदिवस. आपण तो चिंतन दिन म्हणून पाळतो. तेव्हा पाऊस नसतो, थंडी ओसरलेली असते आणि दहावी सोडून बाकीच्यांची वार्षिक परीक्षाही अजून अंगावर आलेली नसते.

सगळ्यात आधी नावांबद्दल सांगते, कारण तिथे मी चुकले आहे. माझ्या तिसऱ्या वर्षी मी महिनाभर आधी केलेली यादी घेऊन उभी राहिले. मधल्या काळात एका मुलीने प्रथमोपचाराची चाचणी पुन्हा देऊन द्वितीय सोपान, म्हणजे गाईडच्या प्रशिक्षणातला दुसरा टप्पा, पूर्ण केला होता. तिचं नाव यादीत चढलंच नव्हतं. तिची आई त्या दिवशी मजुरीचा खाडा करून आली होती. नावं संपली, टाळ्या संपल्या, आणि ती मुलगी शेवटपर्यंत इतरांसाठी टाळ्या वाजवत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला पदक दिलं. तिने सॅल्यूट करून घेतलं, काही बोलली नाही. मला ते आजही टोचतं.

तेव्हापासून प्रत्येक मुलीचं वेगळं पाकीट असतं. त्यात सोपानाचं पदक, मिळालेली प्रावीण्य पदकं, म्हणजे एकेका कौशल्यासाठीची पदकं, आणि दोन सेफ्टी पिना. पाकिटावर नाव तिने स्वतःच्या हाताने लिहायचं, तिला जसं पुकारलेलं आवडतं तसं. हजेरीपटावर आडनाव आधी असतं, कधी जन्मदाखल्यावरचं नाव घरातल्या नावापेक्षा वेगळं असतं. आठ दिवस आधी प्रत्येक पेट्रोलची, म्हणजे पथकातल्या छोट्या गटाची, लीडर आपापल्या मुलींसमोर यादी मोठ्याने वाचते. चुका मुलीच पकडतात, आपल्यापेक्षा जास्त. आदल्या संध्याकाळी पाकिटं पुकारण्याच्या क्रमाने ताटात लावायची आणि वर रुमाल टाकायचा. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवायची, कारण चारनंतर वारा सुटतो आणि टेबलावरचा गठ्ठा क्षणात मैदानभर होतो.

आता मैदान. मुली घोड्याच्या नालेच्या आकारात उभ्या राहतात. तो आकार डोळ्यांनी काढू नका, मध्ये खुंटी ठोकून दोरी फिरवा. चाळीस मुली, प्रत्येकीला ७५ सेंटिमीटर जागा, म्हणजे ३० मीटरची कमान. अर्धवर्तुळासाठी साडेनऊ मीटर दोरी पुरते. त्या रेषेवर फक्की मारली की मुली आपोआप नीट उभ्या राहतात.

नालेचं तोंड उत्तरेला ठेवा आणि ध्वजस्तंभ त्या तोंडाशी. दुपारी पावणेपाचला सुरुवात केली तर सूर्य पश्चिमेला असतो. पूर्वेकडच्या बाजूला उभ्या असणाऱ्यांच्या डोळ्यांत ऊन येतंच, ते टळत नाही. म्हणून तिथे मोठ्या मुली उभ्या करायच्या आणि बुलबुल, म्हणजे गाईडपेक्षा लहान मुली, पश्चिमेच्या बाजूला, ऊन पाठीवर घेऊन. पालकांच्या सतरंज्याही पश्चिमेलाच. एकदा ही दिशा न बघता मी लहान मुलींना उन्हासमोर उभं केलं होतं. सगळे फोटो मिटलेल्या डोळ्यांचे आले.

ध्वजस्तंभासाठी आमच्याकडे बांबूच असतो. फेब्रुवारीत मुरुमाची जमीन दगडासारखी होते, म्हणून आदल्या रात्री खड्ड्याच्या जागी दोन बादल्या पाणी ओतून ठेवतो, सकाळी पहार सहज जाते. तीन बाजूंना तीन ताणदोऱ्या, सारख्या अंतरावर, आणि खुंट्या बांबूपासून उलट्या दिशेला कललेल्या. आपला निळा ध्वज १८० बाय १२० सेंटिमीटरचा, वाऱ्यात तो चांगलाच ओढ घेतो. घडीत झेंडूच्या पाकळ्या घालणार असाल तर कोरड्या आणि मूठभरच. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात, घडी उलगडत नाही आणि दोरी ओढणाऱ्या मुलीचा चेहरा पडतो. त्याच मुलीने, त्याच ध्वजाने, त्याच दोरीने पाच वेळा सराव केलेला असला पाहिजे. शिक्षकांनी गाठ मारून द्यायची आणि तिने फक्त ओढायचं, हे मला पटत नाही.

पाहुण्यांना आदल्या दिवशी फोन करा. भाषण पाच मिनिटं, आणि हस्तांदोलन डाव्या हाताने. हे आधी सांगितलं नाही तर ते उजवा हात पुढे करतात, मुलीचा डावा हात अधांतरी राहतो आणि ती गोंधळते. शाल-श्रीफळाला आमच्याकडे फाटा दिला आहे. स्वागताला स्काऊट टाळी पुरे. एका मुलीला पुकारणं, सॅल्यूट, पदक, हस्तांदोलन, पुन्हा सॅल्यूट, याला चाळीस सेकंद लागतात. चाळीसपैकी पंचवीस मुलींना पदकं असली तर सतरा मिनिटं होतात. ती सतरा मिनिटं कुणाच्याही भाषणासाठी कमी करू नका.

पदक टाचताना पाहुण्यांचे हात थरथरतात आणि बाहीचं कापड हाताला नीट येत नाही. त्यामुळे सेफ्टी पिन पदकात आधीच आडवी ओवून, उघडी करून, ताटावर ठेवायची. पाहुण्यांनी फक्त बाहीत खुपसून बंद करायची. शिवायचं काम घरी.

उभ्या मुली चक्कर येऊन पडतात, त्याची तयारी हवी. गुडघे आवळून उभं राहू नका, असं सरावातच सांगा. सुरू होण्याआधी प्रत्येकीने पाणी प्यायलेलं हवं. नालेमागे प्रथमोपचाराचं पदक मिळवलेल्या दोन मुली ओआरएस घेऊन थांबतात. हे काम त्या फार मन लावून करतात. माईकची परवानगी पोलीस ठाण्यातून आठवडाभर आधी घ्या. सूर्य मावळण्याआधी ध्वज उतरवायचा आहे हे लक्षात ठेवून बाकीच्या वेळा ठरवा.

राष्ट्रगीताआधी मी एक मिनिट थांबते आणि विचारते, "कुणाच्या पेट्रोलमधलं कुणी राहिलं आहे का?" गेल्या वर्षी एक हात वर झाला. "बाई, माझंच." आठ दिवस सगळ्यांची पाकिटं तपासणारी पेट्रोल लीडर होती ती. तिचं पाकीट ताटातल्या रुमालाच्या घडीत अडकलं होतं. पाहुणे खुर्चीवर बसले होते, ते पुन्हा उठून आले. तिचं नाव मी माईक बाजूला ठेवून पुकारलं.