गोव्यातल्या व्हिलाचं अडकलेलं डिपॉझिट कसं सुटलं

काचेच्या शेगडीला तडा गेल्याचं सांगून मालकाने डिपॉझिट अडवलं होतं. ते परत मिळालं, सामान आत नेण्याआधी काढलेल्या व्हिडिओमुळे. शेगडीचे चारही कोपरे, गादीची खालची बाजू, गिझर, सिंकखालची ओल, एसीचा रिमोट असं सगळं सलग चित्रित करा आणि लगेच मालकाला पाठवा. पाठवायचं ते बुकिंग केलेल्या ॲपच्याच चॅटमध्ये, म्हणजे तारीख-वेळेसकट नोंद त्या प्लॅटफॉर्मकडेच राहते. निघतानाही तेच करा.

मुदत चुकली की खरी बाजूही पडते. एअरबीएनबी या बुकिंग ॲपवर घरातली अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावी लागते. मालकाने भरपाई मागितली तर उत्तराला २४ तास मिळतात. नकार देताना दुरुस्तीचं बिल मागा. वापरलेल्या वस्तूसाठी नव्या वस्तूची पूर्ण किंमत मुळीच कबूल करू नका.

डिपॉझिट परस्पर यूपीआयने दिलेलं असेल तर प्लॅटफॉर्म बहुधा हात वर करतो. मग मालकाला १५ दिवसांची लेखी नोटीस द्या, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. गोव्याला खेटे घालावे लागत नाहीत. आपण मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

गोव्यात पर्यटकांना भाड्याने द्यायचं घर पर्यटन खात्याकडे नोंदवावं लागतं. नोटिशीत तो नोंदणी क्रमांक जरूर मागा.