मराठी शाळेतली इंटर्नशिप आणि हातातला मोबाईल : मागून येणाऱ्यांसाठी

बी.एड. ला पहिल्या वर्षी ४ आठवडे आणि दुसऱ्या वर्षी १६, असे मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात हे तुम्हाला कॉलेजात सांगतीलच. पण त्या १६ आठवड्यात मोबाईलचं नेमकं काय करायचं हे कोणी सांगत नाही, सांगतात ते एवढंच की लेसन प्लॅनमध्ये आयसीटीचा, म्हणजे पाठात कुठलं तंत्रज्ञान वापरणार त्याचा, रकाना रिकामा ठेवू नका. मग आपण तिथं "यूट्यूब व्हिडिओ" लिहितो आणि सुटतो. मीही तेच केलं. माझी शाळा कर्नाटकात, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाचं हायस्कूल, आठवीत ३४ पोरं, मेथड म्हणजे शिकवायचे विषय समाज विज्ञान आणि मराठी. ज्युनिअर बॅचमधल्या दोघी-तिघींनी विचारलं म्हणून लिहून ठेवतेय, जसं आठवेल तसं, त्यामुळे क्रम वगैरे शोधू नका.

आधी व्हिडिओचं. व्हिडिओ दाखवायच्या आधी तो कुठल्या राज्याचा आहे ते बघा. हसू नका. यूट्यूबवर मराठीतून आठवीचा धडा शोधला की जे वर येतं ते बहुतेक सगळं महाराष्ट्रातलं असतं. चांगलं असतं, आवाज स्वच्छ, चित्रं भारी, फक्त आपल्या पोरांच्या पुस्तकातलं नसतं. मी स्थानिक स्वराज्य संस्थांवर एक व्हिडिओ लावला, सगळी पोरं गप्प बघत बसली, मला वाटलं पाठ जमला, मागं निरीक्षणाला बसलेले मेथड सर पण मान हलवत होते, आणि तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली. "टीचर, सरपंच कोण? आमच्या गावात अध्यक्ष हाय. माझी मावशीच हाय की."

बरोबर होतं तिचं. महाराष्ट्रात सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद. आपल्याकडे ग्राम पंचायतीचा अध्यक्ष, वर तालुका पंचायत, त्याच्यावर जिल्हा पंचायत. महाराष्ट्राचा जिल्हा परिषदेचा कायदा १९६१ चा, कर्नाटकाचा पंचायत राज कायदा १९९३ चा, म्हणजे घरंच वेगळी. पोरांनी एसएसएलसीच्या, म्हणजे आपल्याकडच्या दहावीच्या, पेपरात पंचायत समिती लिहिली तर मार्क कोण देणार? आणि गंमत म्हणजे मी स्वतः इथंच वाढलेली, माझ्या गावात अध्यक्षाची निवडणूक बघितलेली, तरी व्हिडिओ बघताना माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. स्क्रीनवर मराठी दिसली की ती आपलीच असं वाटतं ना, तिथंच फसायला होतं. पुस्तक बेंगळुरूहून आलेलं, व्हिडिओ पुण्याकडचा आणि पोरं खानापूरची, या तिन्हीची गाठ मारायचं काम आपलं, ते कुठलंही अॅप करून देत नाही.

त्यामुळे आता मी असं करते. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या साईटवर मराठी माध्यमाच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, आपल्या इयत्तेची उतरवून घ्यायची. पुस्तकात क्यूआर कोड असेल तर दीक्षा अॅपमधून स्कॅन करून बघायचं, २०१७ पासून आहे ते, कधी कामाचं निघतं कधी नाही. मग यूट्यूबचा व्हिडिओ पुस्तक मांडीवर घेऊन बघायचा आणि जो शब्द पुस्तकात नाही तो कागदावर टिपायचा. असे चार-पाच शब्द निघाले तर व्हिडिओ म्यूट करून लावायचा आणि बोलायचं आपण. पण टाकून देऊ नका. मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने केले, इकडचं आणि तिकडचं, आणि ज्यांचे पाहुणे महाराष्ट्रात चंदगडला आहेत त्यांना सांगितलं की आत्याला, मामाला विचारून या. सात जण विचारून आले. एकाच्या मामानं तर सरपंचाचा फोन नंबरच दिला होता, तो मी वहीतून खोडायला लावला.

आता मोबाईल कुणाचा हा प्रश्न. वर्गात "घरात स्मार्टफोन कुणाकडे आहे" असं विचारू नका, सगळे हात वर करतात, नाही त्यालाही करावा लागतो. "फोन दिवसा कुणाकडे असतो" असं विचारा. माझ्या वर्गात फोन ३१ घरात होता आणि दिवसा तो घरात असणारी घरं फक्त ९. बाकीचे फोन वडिलांच्या खिशात, कोण बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत, कोण गोव्याला कामाला, गोव्याचा फोन तर दिवाळी-गणपतीलाच घरी. म्हणजे दुपारी ३ ला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला गृहपाठ रात्री ८ च्या पुढं उघडतो, तोही वडील जेवून मोकळे झाले तर. म्हणून मी दोन नियम केले. ज्याला फोन लागतो असा गृहपाठ शुक्रवारी द्यायचा आणि सोमवारी विचारायचा. आणि जे टाकायचं ते टाईप करून टाकायचं नाही, ४० सेकंदाचा व्हॉइस मेसेज करायचा. बऱ्याच आया कन्नड शाळेत शिकलेल्या, मराठी बोलतात फाडफाड पण वाचताना अडखळतात, काहींना दोन्ही वाचता येत नाही, आणि आपला मोठा मेसेज दिसला की फोन पोराच्या हातात जातो आणि तो गृहपाठ सोडून बाकी सगळं वाचतो. व्हॉइसला मात्र उत्तर पण व्हॉइसनंच येतं, मागं कुकरची शिट्टी वगैरे सगळं ऐकू येतं.

कॉलेजात नोट्समध्ये एक शब्द आहे, डिजिटल नेटिव्ह. मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकानं २००१ साली काढला, म्हणजे आजची पोरं डिजिटल जगातच जन्मली, ती तिथली मूळची आणि आपण मास्तर लोक मागून आलेले. परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. वर्गात मात्र तपासून बघा. माझ्या वर्गातली पोरं फ्री फायर डोळे मिटून खेळतात, रील एडिट करतात, पण फाईल कुठं सेव्ह झाली ते सापडत नाही आणि सर्च करताना पहिल्या ओळीच्या खाली कोण जात नाही. टाईप तर करतच नाहीत, माईक दाबून बोलतात.

त्या माईकचीच गोष्ट. एका पोरानं माझ्या फोनवर माईक दाबून सांगितलं, "मी नदीला जाऊलालो." स्क्रीनवर आलं, "मी नदीला जाऊ लाल". सगळा वर्ग हसला. त्यानं परत म्हटलं, मोठ्यानं, परत लाल. मग शेजारची म्हणाली तसं नव्हे रे, टीव्हीसारखं बोल, आणि तिनं "मी नदीला जात आहे" म्हटलं, ते बरोबर उमटलं. त्या पोराचं तोंड एवढंसं झालं. तुम्ही त्या जागी असाल तर पाठ जरा बाजूला ठेवा. मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली आणि विचारलं की तुझ्या आजीला यातलं कुठलं कळतं. म्हणाला दोन्ही, पण दुसरं म्हटलं तर विचारेल काय झालंय रे तुला. मग सांगितलं की यंत्राला जे बोलणं जास्त ऐकवलंय तेच ओळखतं, आपलं त्यानं फारसं ऐकलेलंच नसावं, यात चूक तुझी कुठंय. पुस्तकी वाक्य यायला पाहिजेच, पेपरात तेच लागतं. पण यंत्राला कळलं नाही म्हणजे आपण अडाणी, हे डोक्यात बसू द्यायचं नाही. माझ्या अख्ख्या इंटर्नशिपमधला सगळ्यात चांगला भाषेचा तास हाच झाला आणि लेसन प्लॅनमध्ये याचं एक अक्षर नाही.

आता नदीचा पाठ, हा जरा सविस्तर सांगते कारण हा तुम्ही जसाच्या तसा उचलू शकता. कर्नाटकातल्या नद्या शिकवायच्या होत्या. मलप्रभा तर आपलीच, कणकुंबीला उगम, ३०४ किलोमीटर वाहत जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळते. मी ठरवलं गुगल मॅपवर वरून दाखवायची. शाळेत नेट नाही म्हणून घरूनच ऑफलाईन मॅप डाऊनलोड करून गेले, वर्गात उघडला तर नुसते रस्ते आणि नावं. ऑफलाईनमध्ये सॅटेलाईटचं चित्र येतच नाही हे मला तिथं उभं राहून कळलं. तो तास असाच गेला.

दुसऱ्यांदा शहाणी झाले. घरी वायफायवर सॅटेलाईट व्ह्यू लावून कणकुंबीपासून सरकत सरकत १२ स्क्रीनशॉट काढले, झूम अजिबात न बदलता, हे महत्त्वाचं, झूम हलला तर तुकडे जुळत नाहीत. खानापूरला झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट मारल्या, काळ्या-पांढऱ्या, कलरचे पैसे कोण देणार. फेविकॉलनं जोडून सव्वातीन मीटरची पट्टी झाली, ती वर्गात खाली अंथरली आणि पोरांना निळा खडू दिला, म्हटलं नदी शोधा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर नदी आणि रस्ता दोन्ही रेघच दिसतात. हब्बनहट्टी, असोगा, खानापूर इथपर्यंत ठीक चाललं, असोग्याला तर सगळे जाऊन आलेले. एम. के. हुबळीजवळ एक पोरगा जोरात रंगवत निघाला आणि थोड्या वेळानं स्वतःच म्हणाला, "टीचर, ही धारवाडला गेली." त्यानं हायवे निळा केला होता. भांडण झालं, नदी धारवाडला जाते का नाही. शेवटी ज्याचा भाऊ ट्रकवर आहे तो म्हणाला, भाऊ एम. के. हुबळीला पुलावरनं जातो, म्हणजे नदी खालनं आडवी गेली पाहिजे. बाकीची पोरं गुडघ्यावर बसून परत बघायला लागली आणि दोघांनी आपणहून सांगितलं की रस्त्याची रुंदी सगळीकडं सारखी आहे, दुसरी रेघ जाड-बारीक होते आणि उगीच वळतीय. बास, नकाशा वाचायला एवढंच लागतं. पुढं नविलुतीर्थाचं धरण आलं, यल्लम्माला जाणारी पोरं ओरडली हे तर सौंदत्ती, मग पट्टदकल, ऐहोळे, आणि शेवटी संगम. एक तासाचा पाठ दोन तास चालला, पुढचा तास पीटीचा होता तो पीटीच्या सरांनी दिला, देव त्यांचं भलं करो. यात मोबाईल वर्गात एकदाही बाहेर निघाला नाही, आयसीटीच्या रकान्यात मी तरीही गुगल मॅप लिहिलं.

फॉरवर्डचं थोडक्यात. एक पोरगी विचारत आली की आपलं राष्ट्रगीत जगात पहिलं असं युनेस्कोनं जाहीर केलंय ते निबंधात लिहू का. हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि युनेस्कोनं असलं काही जाहीर केलेलं नाही. पण तिला "खोटं आहे" एवढंच म्हणून सोडू नका, नाहीतर घरी जाऊन बापाशी भांडेल. व्हॉट्सअॅपमध्ये मेसेजवर दोन बाणांची खूण असली तर तो पाच किंवा जास्त वेळा पुढं पुढं ढकललेला असतो, २०२० पासून असला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, हे तिला दाखवा. दोन बाण म्हणजे खोटंच असं नाही, पण लिहिणारा कोण ते आता सापडणार नाही, म्हणून निबंधात नको. पोरांना हे पटतं. मोठ्यांना समजवायच्या फंदात मी पडले नाही.

टायपिंग. चाचणीचा पेपर तुम्हालाच काढायला लावतील. जुन्या फॉन्टमध्ये काढू नका, कॉम्प्युटरवर सुंदर दिसतो आणि दुसऱ्याच्या मशीनवर उघडला की मांजरानं कीबोर्डवर उडी मारल्यासारखं दिसतं, माझा पेपर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी असाच झाला होता, शेवटी हातानं लिहून झेरॉक्स काढली. युनिकोडमध्येच टाईप करा. आणि अर्ध्या र कडे लक्ष द्या. मी "सह्याद्रीच्या दर्या" टाईप केलं होतं, दर्या म्हणजे समुद्र, पाहिजे होत्या दऱ्या. त्यासाठी साधा र नाही, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, पाय मोडायचा, मग य. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. एका हुशार पोरानं उत्तरात "सह्याद्रीत समुद्र नाही" असं लिहिलं होतं, मी पूर्ण मार्क दिले.

सूक्ष्म अध्यापनाला फोन समोर ठेवून स्वतःचं रेकॉर्डिंग करा. आपल्याकडं ते ३६ मिनिटांचं चक्र शिकवतात ना, ६ मिनिटं पाठ, ६ अभिप्राय, १२ फेरनियोजन, परत ६ आणि ६. त्यातला अभिप्राय मैत्रिणी देतात आणि मैत्रिणी गोडच बोलतात. मी स्वतःचं बघितलं तर सहा मिनिटात १९ वेळा "बरोबर?" म्हटलं होतं.

पोरांचे फोटो स्टेटसला टाकू नका. तुम्ही म्हणाल सगळेच टाकतात. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या आतलं ते मूल, त्याची माहिती वापरायला आईबापाची संमती लागते, पण कायदा सोडा, एका पोरीचा फाटक्या युनिफॉर्मातला फोटो कुणाच्या तरी स्टेटसवरनं तिच्या चुलत्याकडं पोचला आणि ती दोन दिवस शाळेला आली नाही. पाठाचा पुरावा म्हणून वहीचा, फळ्याचा, पट्टीचा फोटो काढा, चालतो. शेवटच्या दिवशी ग्रुपचं अॅडमिन वर्गशिक्षकांना द्या, फाईली पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या हातात द्या, आणि मग ग्रुपमधून निघा.

मी निघाले, पण नंबर काही जणींकडे राहिला. दोन आठवड्यांनी एका आईचा व्हॉइस आला. "टीचर, पोरगी नदी सुरू होतीय तिथं जाऊया म्हणूलालीय, कणकुंबीला बस किती वाजता हाय?" मला माहीत नव्हतं, नेटवर बघितलं तर तीन साईटवर तीन वेळा. शेवटी खानापूर स्टँडवर पानाची गादी असलेल्या माझ्या काकांना फोन लावला आणि ते सांगतील तसं व्हॉइस करून पाठवलं.