डुकरासाठी सोडलेला करंट आणि बिबट्याची केस : या चुका टाळा

मका दाण्यात आला की यावल-रावेर पट्ट्यात, मुक्ताईनगरकडे, शिरपूर-शहाद्याच्या सातपुड्यालगत रानडुकरं उतरतात. एका रात्रीत अर्धा एकर आडवा होतो. जागलीवर बसलेल्या शेतकऱ्याचा संताप मला कळतो. पण त्याच संतापात तो बांधावर उघडी तार ओढतो, मोटरीच्या लाइनवरून करंट सोडतो आणि इथेच फसतो.

"काही व्हत नही भो, आख्खं गाव करस," असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकार म्हणजे फक्त बंदूक चालवणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, सापळ्यात पकडणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही शिकारच. तार डुकरासाठी होती, पण रात्री तिला बिबट्या चिकटला, तर प्रकरण अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत जातं : किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड. जुना 10 हजारांचा आकडा विसरा; 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. वीजचोरीचा गुन्हा वेगळा लागतो. आणि रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला आलेला शेजारी त्या तारेवर पडला, तर? मला खरी भीती याचीच वाटते.

कुंपणाच्या तारेला जोडायच्या झटका मशीनची गोष्ट वेगळी. ते थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं. जनावर बिचकतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना सौरकुंपणासाठी वनविभागाच्या योजनेतून अनुदानही मिळतं. तारेवर खर्च करण्याआधी वनरक्षकाला त्याबद्दल विचारा.

जनावर मेलंच, तर ते रातोरात पुरू नका, नदीत टाकू नका. ते सरकारी मालमत्ता ठरतं आणि लपवाछपवीने केस आणखी बिघडते. लगेच वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा.

"दंड भरून सुटू" हाही गैरसमज. किरकोळ गुन्ह्यांत तडजोड होते. किमान कैद ठरलेल्या गुन्ह्यात होत नाही. मोटारसायकल, वाघूर (शिकारीचं जाळं), हत्यार जप्त होतं ते वेगळंच.

घोरपडीला लोक खाण्याची वस्तू समजतात. कायद्याने ती वाघाच्याच अनुसूचीत आहे, खवल्या मांजरही. ससा किंवा पिंजऱ्यातला पोपट यांच्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोपट विकत घेतला म्हणून जबाबदारी टळत नाही.

मासेमारीचं थोडक्यात : डोहात जिलेटिन फोडणं किंवा पाण्यात विष कालवणं याला 1897 च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. अनेर धरणासारख्या अभयारण्यात तर साधं जाळंही परवानगीशिवाय टाकता येत नाही.

डुकरं खरोखर आवरत नसतील, तर कायद्यातच वाट आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी कारण नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. तोंडी होकारावर विसंबू नका. नुकसान दिसलं त्याच दिवशी फोटो काढा, सातबाऱ्यासह भरपाईचा अर्ज द्या, पंचनामा मागा आणि अर्जाची पोच हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.