मोहोर रीलमध्ये, पेटी व्हॉट्सॲपवर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील बागायतदाराने हापूसची थेट विक्री इन्स्टाग्रामवरून करायची ठरवली, तर त्याने आधी हे ध्यानात घ्यावे की आपली रील कोणाला आणि कधी दिसावी हे आपल्या हाती नसते. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणे सोडले. तेव्हापासून अल्गोरिदम प्रत्येकाच्या आवडीचा अंदाज बांधून क्रम लावतो, आणि रील तर आपल्याला ओळखतही नसलेल्या माणसांपुढे ठेवतो. त्यामुळे आज टाकलेली रील तीन आठवड्यांनी अचानक चालू शकते. आमच्या वाडीतील एका बागेची ‘उद्या वीस पेट्या निघणार’ ही रील धावली ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मृगाचा पाऊस पडून बाग रिकामी झाल्यावर. मागणी भरपूर आली. द्यायला मात्र फणससुद्धा उरला नव्हता.

म्हणून नियोजनाची पहिली वाटणी अशी करावी : ज्या मजकुराला तारीख आहे, म्हणजे आजचा भाव, उद्याची गाडी, शिल्लक पेट्या, तो चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या स्टोरीवर आणि व्हॉट्सॲपवर द्यावा, जो महिन्यानंतरही खरा राहील, तोच रीलमध्ये घालावा. मुख्य हंगाम एप्रिल-मेचा असला तरी रीलचे काम मोहोर आल्यापासून, डिसेंबर-जानेवारीतच सुरू करावे, कारण अनोळखी माणसाला ओळख पटून तो पैसे पाठवण्यापर्यंत येण्यास वेळ लागतो.

रीलमध्ये काय दाखवावे, हा खरा प्रश्न. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितल्यानुसार रील किती वेळ पाहिली जाते, तिला किती लाइक मिळतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात, या तीन गोष्टींना सर्वाधिक वजन असते. नव्या लोकांपर्यंत पोहोचण्यात पाठवण्याचे महत्त्व विशेष. बागेचे सुंदर दृश्य पाहून लोक लाइक देतात, पण पुढे पाठवतात ते उपयोगी पडणारे. ‘पेटी घरी आल्यावर पेंढ्यात अढी कशी घालावी’ हे पुण्यातील सून सासूला पाठवील. ‘देवगडच्या नावाखाली विकला जाणारा परराज्यातील आंबा कसा ओळखावा’ हे तर गृहसंकुलाच्या गटात हमखास जाते. तेथेच सांगावे की २०१८ मध्ये हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरते आहे. सुरुवात नमस्कार आणि बागेच्या नावाने करू नये. झेल्यात, म्हणजे आंबा उतरवण्याच्या जाळी लावलेल्या काठीत, आंबा पडतो तो क्षण, किंवा सुरी फिरून फळ उघडते आणि आत साका, म्हणजे गराचा खराब झालेला भाग, आहे की नाही हे दिसते तो क्षण, पहिल्या दोन सेकंदांत यावा.

‘पाच मित्रांना टॅग करा’ अशी विनवणी टाळावी. अशा पोस्ट मागे ढकलण्याचे धोरण फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केले आहे. दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेली चित्रफीतही नको, इन्स्टाग्राम ती कमी सुचवते. पैसे भरून जाहिरात करायचीच असेल, तर पेटी जेथे वेळेत पोहोचते त्याच शहरांपुरती ठेवावी.

व्ह्यूजच्या आकड्यावर मात्र मी फारसा विश्वास ठेवत नाही. प्रत्येक ग्राहकाला ‘आमच्याबद्दल कोठे कळले?’ असे विचारून उत्तर वहीत लिहावे, आणि ज्या रीलचे नाव पुन्हा पुन्हा येते त्याच धर्तीची पुढची करावी. जोडलेला ग्राहक पुन्हा अल्गोरिदमच्या स्वाधीन करू नये. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या यादीत, २५६ जण मावतात, पण ज्याने आपला क्रमांक जतन केला आहे त्यालाच निरोप मिळतो. तेव्हा पेटीत पेंढ्यावर एक चिठ्ठी ठेवावी : ‘हा क्रमांक जतन करा, पुढील हंगामाचा भाव आधी आपल्याला कळवू.’