अमरवेल काढताना या चुका टाळा

आमच्या लसूणघासाच्या (चाऱ्याच्या पिकाच्या) वाफ्यात पहिल्यांदा अमरवेल, म्हणजे दुसऱ्या झाडाला शोषून जगणारी वेल दिसली तेव्हा डाग जेमतेम परातीएवढा होता. वाकून बसलो, पिवळ्या दोऱ्या हातानं ओढून काढल्या आणि गोळा करून बांधावर फेकल्या. आठ-दहा दिवसांत वाफ्यातला डाग पुन्हा हजर, वर बांधावरच्या तणावर नवा. म्हणजे एका सकाळीत दोन चुका झाल्या, आणि तिसरी तर बी विकत घेतानाच झाली होती.

आधी ओढण्याचं बोलू, कारण हे सगळेच करतात. अमरवेल पिकाच्या काडीला घट्ट वेढा देते. त्या वेढ्याच्या आतल्या बाजूला बारीक पुटकुळ्यांची रांग दिसते, ती तिची शोषमुळं. ती काडीत घुसून थेट पिकाच्या अन्नपाण्याच्या नळ्यांना जाऊन भिडतात. दोरी ओढली की ती तुटते, पण काडीत रुतलेला भाग तिथंच राहतो आणि त्यातून परत फूट येते. म्हणून वेल ओढायची नाही. सगळ्यात खालचा वेढा जिथं असेल त्याच्या खाली, जमिनीलगत, पीकच कापायचं. डागाच्या भोवतीचं हातभर निरोगी दिसणारं पीकही त्यात जाऊ द्यायचं. लसूणघास बुडख्यातून पुन्हा फुटतो, त्यामुळे जीव फार हळहळायला नको. सोयाबीनमध्ये मात्र ती झाडं गेलीच समजा.

कापलेला माल बांधावर, शेणखतात किंवा पाटाच्या पाण्यात टाकू नका. ओला तुकडा शेजारच्या झाडावर पडला तरी नव्यानं वेढा घालतो. वाळवून जाळणं बरं. बी धरलेली वेल जनावरांना घातली तर काही बी शेणातून जिवंत बाहेर पडतं, आणि पुढच्या वर्षी आपणच ते खतासोबत शेतभर विस्कटतो. कवच कठीण असल्यानं हे बी जमिनीत दहा-दहा वर्षं पडून राहू शकतं.

पुढची चूक फवारणीच्या वेळेची. डाग दिसल्यावर पंप काढला तर उशीर झालेला असतो, कारण तेव्हा वेल आणि पीक एकाच नळावर असतात. खरी नाजूक वेळ उगवणीची. अमरवेलीचं रोप म्हणजे नुसता दोरा. पानं नाहीत, नावापुरतं मूळ, तेही लवकरच मरतं. बियातल्या शिदोरीवर साधारण आठवडा-दोन आठवडे ते तग धरतं आणि टोक गोल फिरवत आधार चाचपतं. अमेरिकेत २००६ साली झालेल्या प्रयोगांत हे रोप टोमॅटोच्या वासाकडे झुकताना दिसलं. गव्हाच्या वासातल्या एका घटकापासून मात्र ते दूर वळत होतं. या मुदतीत पीक सापडलं नाही तर ते सुकून जातं. पेंडीमेथालिनसारखं उगवणीपूर्वीचं तणनाशक इथंच उपयोगी पडतं. आपल्या पिकाला ते चालतं का आणि मात्रा किती, हे लेबल वाचून आणि कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवा.

फेरपालटात पुन्हा कडधान्य किंवा सोयाबीनच घेणं हीसुद्धा चूकच. ज्वारी, मका, गहू ही गवतवर्गी पिकं अमरवेलीला सहसा मानवत नाहीत. फक्त ज्वारीत रुंद पानांचं तण माजू देऊ नका, नाहीतर ती त्यावर वर्ष काढते.

‘फुलं आल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमरवेलीच्या कस्क्यूटा ऑस्ट्रॅलिस या जातीवर चीनमध्ये झालेलं संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की फुलायची वेळ ठरवणारी बरीच जनुकं या जातीनं गमावलीत, आणि ज्या झाडावर ती बसते त्याचाच फुलण्याचा निरोप ऐकून ती फुलते. परजीवीपणाची ही कमाल आहे. स्वतःचं पंचांगसुद्धा ठेवत नाही!

आता ओळखीचा घोळ. अमरवेलीच्या जगभर सुमारे २०० जाती आहेत आणि कूळ रताळ्याचं. कुंपणावर, बोरीवर, शहरात ड्युरांटाच्या कुंपणावर जाड पिवळीहिरवी जाळी दिसते ती बहुधा कस्क्यूटा रिफ्लेक्सा. शेतातली बारीक, केशरट ती बहुतेक कस्क्यूटा कॅम्पेस्ट्रिस, मूळची उत्तर अमेरिकेतली. हा फरक कामाचा आहे. टोमॅटो रिफ्लेक्साला बऱ्यापैकी परतवून लावतो, तिनं धरलेली जागा घट्ट करून टाकतो. कॅम्पेस्ट्रिसपुढे त्याचं काही चालत नाही. कोकणात किनाऱ्यालगत झुडपांवर पसरलेली हिरवट दोरी तर अमरवेल नसूनही असू शकते. ती कॅसिथा, दालचिनी-तमालपत्राच्या कुळातली. दोघींचं नातं नाही, फक्त धंदा एक. फळ बघा: कॅसिथाचं एकबीजी, मांसल, वाटाण्यासारखं गोल, अमरवेलीचं बारीक कोरडं बोंड, आत चारपर्यंत बिया.

राहिली सगळ्यात आधी झालेली चूक, बियाण्याची. मी बाजारातून सुटं बी आणलं होतं. प्रमाणित लसूणघासाच्या बियाण्यात अमरवेल हे आक्षेपार्ह तण म्हणून तपासलं जातं, सुट्यात कोण बघतो? आता पेरणीआधी मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरतो आणि भिंग धरतो. लसूणघासाचं बी गुळगुळीत, पिवळसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं. त्यात बारीक, मळकट तपकिरी, खरखरीत, ओबडधोबड गोल दाणा दिसला की पिशवी परत.