डिसेंबरचे आकाश गोव्यातून पाहताना

गोव्यात तारे पाहायचे म्हटले की पाय आपोआप समुद्राकडे वळतात. डिसेंबरमध्ये निदान संध्याकाळपुरती ही सवय मोडावी, कारण आपले बहुतेक किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत आणि या महिन्याचे ठळक तारे उगवतात ते पूर्वेला, म्हणजे नेमके पाठीमागच्या माडांच्या आड. एका किनाऱ्यावर मृग नक्षत्राची वाट पाहत मी आठपासून बसलो होतो. झावळ्यांतून तो बाहेर येईपर्यंत साडेनऊ वाजून गेले. रात्रीच्या पहिल्या प्रहरासाठी सत्तरी, सांगे किंवा काणकोणच्या आतल्या भागातला, पूर्व बाजू मोकळी असलेला एखादा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, बरा. जमिनीवर जाड सतरंजी अंथरावी, कारण दंव इतके पडते की दहापर्यंत दुर्बिणीच्या भिंगावर बोट फिरवले तर ओली रेघ उमटते. बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावावा आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास अर्धा तास द्यावा.

तारीख ठरवण्याआधी पंचांग पाहावे. मार्गशीर्ष पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्ष नक्षत्राच्या आसपास असतो, महिन्याचे नावच त्यावरून पडले आहे. त्यामुळे त्याच पौर्णिमेला येणाऱ्या दत्तजयंतीला साखळी गावच्या उत्सवास अवश्य जावे, पण ताऱ्यांचा बेत त्या रात्री करू नये. जे पाहायचे त्याच्याच शेजारी चंद्र उभा असतो.

पुढील वेळा महिन्याच्या मध्यातल्या आहेत. तारे रोज सुमारे ४ मिनिटे आधी उगवत असल्याने १ तारखेला तासभर उशीर आणि ३१ तारखेला तासभर आधी, असा हिशेब धरावा.

रात्री आठला पूर्वेच्या आकाशात अर्ध्या उंचीवर कृत्तिकांचा झुबका दिसतो. नुसत्या डोळ्यांनी सहा तारे मोजता आले तर जागा चांगली निवडली असे समजावे. साध्या १० x ५० दुर्बिणीतून ते कितीतरी अधिक होतात. त्याखाली तांबूस रोहिणी आणि तिच्याही खाली मृग. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण उगवताना जवळजवळ उभा असतो, आणि हीच या आकाशाची किल्ली आहे: बाणाची रेषा वर वाढवली की रोहिणीकडे जाते, खाली वाढवली की नऊच्या सुमारास व्याध सापडतो. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर. क्षितिजालगत तो रंग बदलत लुकलुकतो, तो खेळ हवेचा आहे, ताऱ्याचा नव्हे. बाणाच्या उजवीकडे दुर्बीण वळवली की धुरकट ठिपका दिसतो. तो मृगातला तेजोमेघ, जिथे नवे तारे जन्मत आहेत.

दक्षिणेकडचा अगस्त्य तारा मात्र धीर मागतो. तो नऊच्या सुमारास उगवतो, साडेदहानंतर झाडांवर येतो आणि दीडला ठीक दक्षिणेस असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. त्या मापाने गोव्यातून तो दोन मुठी वर चढतो, तर दिल्लीत एक मूठही पुरती नाही. अक्षांश कमी असल्याचा आपला हा फायदा.

१३ डिसेंबरच्या रात्रीपासून १४ च्या पहाटेपर्यंत मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव भरात असतो. बहुतेक उल्कावर्षावांचे मूळ धूमकेतूत असते. याचे मूळ १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहात आहे. दुर्बीण बाजूला ठेवून पाठीवर पडून राहावे. मध्यरात्रीनंतर मिथुन राशीतले पुनर्वसूचे दोन तारे डोक्यावर येऊ लागतात, तेव्हा उल्का अधिक दिसतात. २०२४ मध्ये या रात्री पौर्णिमेजवळचा चंद्र होता, त्यामुळे फिकट उल्का दिसल्याच नाहीत.

समुद्राची पाळी पहाटे येते. पाचच्या सुमारास आगोंदच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर मृग आणि व्याध पश्चिमेला समुद्रावर कललेले असतात, आणि अगस्त्य नैर्ऋत्येला पाण्याच्या जवळ उतरलेला असतो. तिथे बॅटरी मुळीच लावू नये, कारण याच दिवसांत कासवे अंडी घालण्यासाठी त्या वाळूवर चढतात आणि उजेड पडला की अंडी न घालताच मागे फिरतात.