सिरीजमधल्या बॅटरी पॅकना मॉनिटरिंग सर्किट कसे जोडावे

तासगाव-जतकडे बेदाणा शेडवर किंवा बागेतल्या खोलीवर ४८ व्होल्टचा सोलर इन्व्हर्टर लावायचा, तर चार-चार सेलचे चार लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक सिरीजमध्ये जोडणे सोपे पडते. प्रत्येक पॅक १२.८ व्होल्टचा, म्हणजे एकूण ५१.२. प्रत्येक पॅकला स्वतःचे मॉनिटरिंग सर्किट, म्हणजे सेलचे व्होल्टेज आणि तापमान मोजणारे बोर्ड, असते आणि खरी काळजी तिथेच घ्यावी लागते.

कारण या चार सर्किटांचे निगेटिव्ह एक नसते. सर्वांत खालच्या पॅकचे निगेटिव्ह शून्यावर, दुसऱ्याचे १२.८ वर, तिसऱ्याचे २५.६ वर, चौथ्याचे ३८.४ वर. एवढे लक्षात ठेवले तर पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते.

आधी हातातली अंगठी, कडे काढा आणि पान्ह्यांच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा. मग चारही पॅक वेगवेगळे, योग्य चार्जरवर पूर्ण चार्ज करा. या सेलचे व्होल्टेज बराच काळ ३.२ ते ३.३ च्या आसपासच राहते, त्यामुळे मीटरवर आकडे सारखे दिसले म्हणून चार्ज सारखा आहे असे समजू नका. पॅकमधले सर्किट आपल्याच सेलचे बॅलन्सिंग करते, म्हणजे त्यांचा चार्ज सारखा करते, शेजारच्या पॅकचे नाही.

आता सेन्स वायरी, म्हणजे प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजायला सर्किटकडे जाणाऱ्या बारीक वायरी. चार सेलना पाच वायरी लागतात आणि प्रत्येकीवर सेलजवळच छोटा फ्यूज हवा. प्लग बोर्डात घालण्याआधी मल्टिमीटरने तपासा: काळ्या वायरीपासून साधारण ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे चढत गेले पाहिजे. क्रम चुकलेला प्लग बोर्डात गेला तर बोर्ड जळू शकते, म्हणून इथे घाई नको.

दुसऱ्या पॅकची काळी वायर त्याच्याच निगेटिव्ह टर्मिनलवर लावा, पहिल्या पॅकच्या पॉझिटिव्हवर नको. कागदावर दोन्ही ठिकाणे एकच आहेत, पण मधल्या पट्टीचा रोध १ मिलिओहम असला तरी १०० अँपिअरला ०.१ व्होल्ट पडतो. तेवढा त्या सेलच्या आकड्यात मिसळतो आणि चांगला सेल कमजोर दिसतो.

प्रत्येक सर्किटला वीज त्याच्याच पॅकमधून द्या. खालच्या पॅकवरून १२ व्होल्टचा कॅमेरा किंवा बल्ब चालवायचा मोह टाळा, नाहीतर तो एकच पॅक रोज जास्त उतरतो. त्यासाठी ४८ वरून १२ करणारा कन्व्हर्टर पूर्ण बँकेवर, म्हणजे चारही पॅक मिळून, लावा.

चारही सर्किटांची माहिती एका डिस्प्लेवर आणताना डेटाच्या ग्राउंड वायरी थेट एकत्र जोडू नका. पहिल्या-दुसऱ्याच्या जोडल्या तर त्या बारीक वायरीतून पहिला पॅक शॉर्ट होतो. प्रत्येक सर्किट आणि डिस्प्ले यांच्यामध्ये आयसोलेटर, म्हणजे विजेचा थेट संबंध न ठेवता डेटा पुढे नेणारा भाग, हवाच: प्रकाशातून संदेश देणारा ऑप्टोकपलर किंवा आयसोलेटेड आरएस-४८५ (वायरीतून डेटा पाठवायची एक पद्धत). आयसोलेटरची एक बाजू पॅकच्या विजेवर, दुसरी डिस्प्लेच्या विजेवर. पैसे वाचवायचे तर इतर कुठेही वाचवा, इथे नको. नुसते आकडे बघायला ब्लूटूथ पुरते, पण धोक्याच्या वेळी बँकेचा पुरवठा तोडण्यासाठी वायरच हवी.

पॅकमध्ये मॉस्फेटवाले बीएमएस (मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचने पॅक स्वतःच बंद करणारे संरक्षक सर्किट) असेल तर कंपनीने किती पॅक सिरीजमध्ये जोडायला परवानगी दिली आहे ते आधी पाहा. एका पॅकचे बीएमएस बंद झाले की पूर्ण बँकेचे व्होल्टेज त्याच्याच मॉस्फेटवर येऊ शकते.

तापमानाचा सेन्सर पेटीच्या पत्र्यावर नको, मधल्या दोन सेलच्या फटीत हवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली सेल किती तापले ते तिथेच कळते.

बँकेचा पुरवठा तोडण्यासाठी चारही सर्किटांचे रिले (सर्किटने चालू-बंद होणारे छोटे स्विच) सिरीजमध्ये घेऊन मुख्य डीसी कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे पूर्ण बँक जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलला जोडा. मग एकही वायर निघाली तरी कॉन्टॅक्टर सुटतो. शेवटी चाचणी घ्या. आधी सोलर पॅनेलचा एमसीबी पाडा, कारण पॅनेल चालू असताना बॅटरी तुटणे काही सोलर चार्ज कंट्रोलरना सोसत नाही. मग एकेका पॅकचा रिलेचा प्लग काढून पाहा. चारही वेळा इन्व्हर्टर बंद पडला पाहिजे. एकदाही चालू राहिला तर ती वायर सापडेपर्यंत बँक वापरात घेऊ नका.